आधी गाडीची चावी द्या

रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर आम्ही आठ जणी होतो आणि गाडी एकच. जुनी, मॅन्युअल गिअरची फोर बाय फोर, ओळखीतल्या एकांनी दिवसभरासाठी दिलेली. जुन्या टायरांमध्ये सिमेंट ओतून त्यात बांबू उभे केलेत. ते दोन रांगांत मांडून आम्ही एक वाकडातिकडा बोळ तयार करतो. त्यातून गाडी पुढे न्यायची आणि तशीच रिव्हर्समध्ये बाहेर काढायची. बांबूला आरसा घासता कामा नये, गाडी बंद पडता कामा नये.

पहिली बसली ती बारा वर्षं नोकरी झालेली हवालदार. बंदोबस्तात पुढच्या फळीत उभी राहणारी. मीही पोलिसातूनच निवृत्त झाले, पण फायरिंगमध्ये ती माझ्यापेक्षा सरस. सीट पूर्ण पुढे ओढली तरी तिचा पाय क्लचच्या तळाला पोचेना. मी पाठीमागे उशी लावली. पाय पोचला, पण गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा बंद पडल्यावर ती स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "मॅडम, बारा वर्षं मी रोज पोलिसांच्या गाडीत बसतेय. मागच्या बाकावर."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तिला संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेवर जायचंय. वैयक्तिक पोलीस अधिकारी म्हणून, म्हणजे तुकडीबरोबर नव्हे तर एकटीने, निवड व्हायची तर आधी भाषेची परीक्षा असते. वाचायचं, ऐकून समजून घ्यायचं, रिपोर्ट लिहायचा, मुलाखत द्यायची. मग ड्रायव्हिंग. ज्या मोहिमेत हत्यार बाळगायचं असतं तिथे फायरिंगही. यातल्या ड्रायव्हिंगवर बायका सगळ्यात जास्त अडकतात, हे मी इतक्या वर्षांत पुन्हापुन्हा पाहिलंय. परीक्षा सोपी करा असं मी कधीच म्हणणार नाही. मिशनवर आपल्या दिमतीला ड्रायव्हर नसतो, ज्याची गस्त त्याच्याच हाती स्टिअरिंग. गाडी चालवता न येणारा माणूस तिथे बरोबरच्यांवर ओझं होतो. पण जिच्या हाती खात्याने कधी चावीच ठेवली नाही, तिला एका सकाळी बांबूंच्या बोळात उभं करायचं, नापास करायचं आणि वर "बायका पुढे येत नाहीत" म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

माझंही असंच झालं असतं. मिशनसाठी अर्ज मागवणारं परिपत्रक आमच्या कार्यालयात येऊन कुणाच्या तरी टेबलाच्या खणात पडून होतं. मुदत संपायला चार दिवस असताना मला कळलं, तेही दुसऱ्या युनिटमधल्या मैत्रिणीकडून. "तुम्हाला घरदार आहे, तुम्ही कशाला जाल, म्हणून सांगितलं नाही," असं उत्तर मिळालं. ज्यांनी ते दिलं त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. त्यांनी माझ्या वतीने परस्पर निर्णय घेऊन टाकला होता, इतकंच. ड्रायव्हिंग मला येत होतं, कारण वडील ट्रक चालवायचे आणि त्यांनी मला सोळाव्या वर्षी हाफ क्लच शिकवला होता. नोकरीत कुणी शिकवलं म्हणून नव्हे.

मी गेले ती दक्षिण सुदानमध्ये. २०११ च्या जुलैमध्ये तो देश स्वतंत्र झाला आणि २०१३ च्या डिसेंबरमध्ये तिथे यादवी पेटली. जीव वाचवायला माणसं संयुक्त राष्ट्रांच्या तळांवर धावली आणि तिथेच राहिली. माझी नेमणूक बेंतिऊला होती. तिथल्या संरक्षित वस्तीत एकेकाळी लाखावर लोक राहत होते. प्लास्टिकच्या ताडपत्र्या, बांबू, गवत, मध्ये चर खणलेले. माती कापसाची, काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात ती चाकाला अशी चिकटायची की टायरची नक्षी दिसेनाशी व्हायची. पोचल्या पोचल्या पुन्हा ड्रायव्हिंगची परीक्षा झाली, मगच मिशनचा परवाना मिळाला. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डावीकडे. पहिले आठ दिवस मी गिअर बदलायला डावा हात उचलायचे आणि तो दारावर आपटायचा.

तिथली एक गोष्ट सांगते, म्हणजे मी चावीचा एवढा धोशा का लावलाय ते कळेल.

वस्तीतल्या बायका सरपणासाठी कुंपणाबाहेर जायच्या. पुरुष बाहेर गेले तर मारले जायची भीती, बायका गेल्या तर बलात्काराची. तरी चूल पेटवायची म्हणून बायका जायच्या. सुरुवातीचे काही आठवडे मी एका पुरुष सहकाऱ्याबरोबर गस्तीला होते. गाडी तो चालवायचा. चांगला माणूस, अदबीने वागणारा. पाण्याच्या नळापाशी थांबलो की बायका जेरीकॅन भरत राहायच्या. न्युअर भाषेत भेटल्यावर "माले" म्हणतात. मी "माले" म्हणायचे, त्या "माले" म्हणायच्या आणि बोलणं तिथेच संपायचं. गाडीत बसलेला पुरुष त्यांना दिसत असायचा.

मग माझी जोडी घानाहून आलेल्या एका महिला अधिकाऱ्याशी लावली. गाडी आलटूनपालटून आम्हीच चालवायला लागलो. मागे बसलेली दुभाषी तिथलीच, तीही बाई. त्या गाडीत पुरुषच नव्हता. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी एक चाळिशीची बाई ओळ सोडून माझ्या खिडकीपाशी आली. काचेच्या कडेवर तिने चार बोटं ठेवली, बोटांना चिखल वाळून पांढरा झालेला. आत वाकून स्टिअरिंगकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. दुभाषीला काहीतरी विचारलं. दुभाषी हसली. "विचारतेय, ही गाडी तू चालवतेस का? तुझी तू?"

मी हो म्हटलं. तिने बोटं उचलली नाहीत. हळूहळू बोलायला लागली. सरपणाच्या वाटेवर कुठल्या वळणाला माणसं दबा धरून बसतात, कुठल्या वेळी बसतात, आदल्या आठवड्यात कुणाची मुलगी परत आली नाही आणि दोन दिवसांनी कशी आली. सगळं सांगितलं. आमची गस्त त्या वाटेला सकाळी लवकर जाऊन यायची. बायका निघायच्या त्यानंतर, ऊन चढताना, आणि नेमकी तीच वेळ त्या माणसांना ठाऊक होती. आम्ही रिपोर्ट दिला, गस्तीची वेळ बदलली. वाट त्यामुळे सुरक्षित झाली असं मी म्हणणार नाही. पण त्या तासाला तिथे संयुक्त राष्ट्रांची पांढरी गाडी दिसायला लागली.

मी पुरुष सहकाऱ्याच्या गाडीत नुसती बसून राहिले असते तर ती खिडकीपाशी आली नसती.

याच मोहिमेत २०१८-१९ मध्ये आपल्या लष्कराच्या मेजर सुमन गवानी लष्करी निरीक्षक होत्या. संघर्षात होणारा लैंगिक हिंसाचार ओळखायचा कसा, नोंदवायचा कसा, हे त्यांनी २३० हून जास्त निरीक्षकांना शिकवलं. संयुक्त राष्ट्रांचा २०१९ चा जेंडर अॅडव्होकेट पुरस्कार, म्हणजे शांतिसेनेत स्त्री-पुरुष समतेसाठी काम करणाऱ्यांचा, त्यांना ब्राझीलच्या नौदल अधिकारी कार्ला मोंतेइरो द कास्त्रो आराउजो यांच्याबरोबर विभागून मिळाला. २०२३ चा मेजर राधिका सेन यांना मिळाला, काँगोतल्या कामासाठी. मला या दोघींचा खूप अभिमान आहे. पुरस्काराच्या बातम्या मी मैदानावरच्या मुलींना वाचून दाखवते आणि मग त्यांना गाडीत बसवते.

आता अंगावरच्या गोष्टींबद्दल. या बाबतीत बायका एकमेकींत बोलतात, वरिष्ठांसमोर गप्प बसतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

बुलेटप्रूफ जॅकेट. मला मिळालेलं पुरुषांच्या मापाचं होतं. उभं राहिलं की ठीक. गाडीत बसलं की पुढची प्लेट मांडीवर टेकून वर सरकायची आणि कॉलर हनुवटीला लागायची. मान वळवून आरशात बघणं मुश्कील, क्लच दाबायला पुढे सरकावं तर प्लेट पोटात रुतायची. छाती दाबली जायची ती वेगळीच. खांद्यापाशी मात्र एवढी फट राहायची की हाताची मूठ आत जाईल. ज्या जॅकेटने गोळी अडवायची तेच धड बसत नसेल तर ते अंगावर वागवायचं कशासाठी? हेल्मेटचंही तेच. केस मागे बांधले की हेल्मेट मागून उचललं जायचं आणि पुढून डोळ्यांवर यायचं. शेवटी मी अंबाडा सोडून दोन वेण्या घालून त्या मानेशी सपाट बांधायला शिकले. घानाच्या सहकारीने शिकवलं, तिच्याकडे त्याची युक्ती होती.

आणि पाणी. पारा चाळिशीपार, सहा-सात तासांची गस्त आणि वाटेत आडोसा नाही. पुरुष गाडीच्या मागे जाऊन येतात. आम्ही काय करायचो? पाणीच प्यायचो नाही. सकाळी दोन घोट, मग परत येईपर्यंत काही नाही. दुसऱ्या महिन्यात मला लघवीच्या जागेचा संसर्ग झाला, ताप आला. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या, गस्तीवरच्या बायकांमध्ये हे नेहमीचं आहे. नेहमीचं आहे म्हणजे टाळता येण्यासारखं आहे. गस्तीच्या वाटेवर एक कडीचं दार असलेली जागा ठरवून ठेवायची, गाडीत एक घडीचा पडदा ठेवायचा. तळावर बायकांचं स्वच्छतागृह राहत्या कंटेनरजवळ हवं, वाटेवर दिवा हवा, आतून कडी लागायला हवी. आमच्या तळावर सुरुवातीला ते मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं आणि रात्री तिथे एकटीने जायचं नाही असा आम्हीच आमच्यापुरता नियम केला होता. लढाऊ प्रदेशात आलेली बाई रात्री लघवीला जाताना सोबत शोधते आणि ती भीती बाहेरच्यांची नसते, हे ज्यांनी तळाचा नकाशा काढला त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. पाच महिने अर्ज केल्यावर दिवा लागला. ज्या दिवशी लागला त्या रात्री आम्ही चौघी जणी उगाचच जाऊन आलो.

आकडे फार देत नाही, पण थोडे द्यायलाच हवेत. १९५७ ते १९८९ या बत्तीस वर्षांत संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर गणवेशातल्या महिला किती गेल्या, तर फक्त २०. १९९३ मध्ये प्रमाण एक टक्का होतं. २००० च्या ऑक्टोबरात सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव केला, शांततेच्या कामात बायकांना जागा द्या म्हणून. त्यानंतर वीस वर्षांनी, २०२० मध्ये, लष्करी तुकड्यांमध्ये महिला ४.८ टक्के होत्या आणि पोलिसांच्या तुकड्यांमध्ये १०.९ टक्के. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये २५३८ क्रमांकाचा ठराव झाला, इंडोनेशियाने मांडलेला, शांतिसेनेतल्या महिलांविषयीचा पहिलाच. त्यात योग्य सोयी, योग्य साधनं, छळमुक्त वातावरण यांचा उल्लेख आहे. २०२८ पर्यंत लष्करी तुकड्यांत १५ टक्के, पोलीस तुकड्यांत २० टक्के आणि माझ्यासारख्या वैयक्तिक पोलीस अधिकाऱ्यांत ३० टक्के महिला असाव्यात असं उद्दिष्ट आहे.

ही उद्दिष्टं न्यूयॉर्कमध्ये ठरतात. माणसं मात्र देश पाठवतात. संयुक्त राष्ट्रांचं स्वतःचं सैन्य नाही, पोलीस नाहीत. म्हणजे बाई मिशनवर जाणार की नाही हे तिच्या स्वतःच्या खात्यात ठरतं. परिपत्रक खणात राहतं की फळ्यावर लागतं आणि गाडीची चावी कुणाच्या खिशात असते, यावर ठरतं. कॅनडाने २०१७ मध्ये एल्सी उपक्रम सुरू केला तो याच दिशेने. बायका का कमी येतात हे त्यांना विचारत बसण्यापेक्षा त्यांच्या वाटेत काय आडवं येतं ते खात्यांनी आधी शोधावं, आणि ते दूर करायला पैसे मिळावेत, अशी कल्पना. एल्सी मॅकगिल ही विमान अभियंता होती. दुसऱ्या महायुद्धात तिने कॅनडात हरिकेन विमानांच्या उत्पादनाची धुरा सांभाळली. नाव मला फार आवडलं. यंत्र हाती घेणाऱ्या बाईचं आहे.

आणि हे जमतं. २००७ च्या जानेवारीत केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभरावर महिला लायबेरियात, मन्रोव्हियाला उतरल्या. केवळ महिलांची पोलीस तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर जाण्याची जगातली ती पहिली वेळ. पहिल्या तुकडीच्या प्रमुख होत्या सीमा धुंडिया. त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा दिला, रात्रीची गस्त घातली, दंगली हाताळल्या, मुलींना स्वसंरक्षण शिकवलं. तुकड्या बदलत राहिल्या पण काम नऊ वर्षं चाललं, २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत. त्या काळात लायबेरियाच्या सुरक्षा दलांमधलं महिलांचं प्रमाण सहा टक्क्यांवरून सतरा टक्क्यांवर गेलं. सगळं श्रेय या तुकडीचं नसेल. पण रोज सकाळी रस्त्यावर गणवेशातल्या, बंदुका घेतलेल्या बायका बघत एक पिढी मोठी झाली, याचा काहीच परिणाम झाला नसेल असं मला वाटत नाही. 

एका गोष्टीवर मात्र माझा राग आहे. भाषणांमध्ये सारखं ऐकू येतं की बायका आल्या की वातावरण निवळतं, पुरुष सहकारी नीट वागतात, शोषणाच्या तक्रारी कमी होतात. शोषणाबाबत शून्य सहनशीलतेचा नियम महासचिवांनी २००३ मध्येच काढलाय. तो पाळणं ही ज्याच्या त्याच्या अंगावरच्या गणवेशाची जबाबदारी आहे. सहकाऱ्यांना सरळ ठेवायला मी तिथे गेले नव्हते. मी पोलीस म्हणून गेले होते. बायकांशी बोलायला बायका लागतात हे खरं, वर मीच तशी गोष्ट सांगितली. पण म्हणून तिला फक्त बायका-मुलांच्या कामाला लावायचं आणि नियोजनाच्या खोलीत टेबलाशी चारही खुर्च्यांवर पुरुष बसवायचे, हे काही बरोबर नाही. २०१४ मध्ये नॉर्वेच्या मेजर जनरल क्रिस्टिन लुंड सायप्रसच्या मोहिमेच्या सेनाप्रमुख झाल्या, तोपर्यंत एकाही मोहिमेची सेनाप्रमुख बाई नव्हती. पहिली मोहीम सुरू झाली १९४८ मध्ये. मधली सहासष्ट वर्षं मोजा.

घरच्यांबद्दल थोडक्यात. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. नवऱ्याने वर्षभर एकदाही "कधी येणार" असं फोनवर विचारलं नाही. विचारायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, हे मला परत आल्यावर कळलं. लहान मुलं असलेल्या महिला लष्करी निरीक्षकांना आता वर्षाऐवजी सहा महिन्यांची नेमणूक मागता येते, हा चांगला बदल आहे. तो बापांनाही हवा.

परत आल्यावर वर्षभरात काय शिकलीस, असं मला कुणीही विचारलं नाही. सत्कार झाला, शाल मिळाली आणि सोमवारी जुन्याच टेबलावर जुन्याच फायली. त्या वेळी कुणी म्हटलं असतं की पुढच्या बॅचला तयार कर, तर मी नोकरीत असतानाच हे मैदान सुरू केलं असतं. ते निवृत्तीनंतर झालं.

परवाच्या रविवारी त्या हवालदारणीला मी गाडीतून उतरू दिलं नाही. बाकीच्या सहा जणींनी बांबू जरा लांब सरकवले, बोळ रुंद केला. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, अॅक्सिलरेटर विसर, फक्त क्लच सोड, गाडी कुठे थरथरते ते तळपायाला कळू दे. ती डोळे मिटून हळूहळू पाय उचलत राहिली. बॉनेट किंचित उचललं गेलं, गाडी थरथरली. "इथे?" ती म्हणाली. इथेच. तिने तो पाय तसाच धरून ठेवला, कितीतरी वेळ, आणि गाडी मुंगीच्या गतीने पुढे सरकत बोळाच्या दुसऱ्या टोकाला पोचली. उलटी येताना तिसरा बांबू पाडला. खाली उतरून तिनेच तो उभा केला आणि पुन्हा गाडीत जाऊन बसली.

परीक्षेला पाच आठवडे आहेत. बांबू परत मूळ जागी आणायचेत. गाडी दर रविवारी मिळेल असा शब्द मिळालाय, दुसरी मिळाली तर दोन रांगा लावता येतील. कुणाकडे मॅन्युअल गिअरची फोर बाय फोर पडून असेल तर जरूर कळवा. उशी माझ्याकडे आहे.